परक्या नावाच्या कप्प्यातली गोंडी

मित्रांनो, मी एक जुने संकेतस्थळ आहे. मला हात, डोळे किंवा मन नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. कुठल्याशा दूरच्या शहरातल्या यंत्रावर ठेवलेल्या फायलींचा संच, एवढीच माझी व्याख्या. कोणी मला मागितले की मी उत्तर देते. कोणी मागितले नाही, तर मी काहीच करत नाही. तेव्हा मला भीती वाटते असे मी म्हटले, तर तुम्ही पुरावा मागाल, आणि तो मागायलाच हवा. पुरावा पुढे येईल. तोवर एवढेच ध्यानात ठेवा, की माझ्या आत एक गोष्ट चुकीच्या नावाने ठेवलेली आहे, आणि त्या नावाची गाठ एकदा चार वर्षांच्या एका मुलीच्या जिवाशी पडली होती.

माझा जन्म सिंदेवाहीतल्या एका भाड्याच्या खोलीत झाला. खोलीच्या एका बाजूला धानाची गिरणी होती. तिचा कोंडा खिडकीतून येऊन संगणकाच्या कळांवर बसे. तिथे इंदुताई नावाच्या निवृत्त परिचारिकेने एक लहानशी संस्था चालवली होती. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांमध्ये फिरून मुलांचे रक्त तपासायचे आणि ज्यांना सिकलसेल आहे त्यांच्या घरच्यांना सावध करायचे, हे संस्थेचे काम. सिकलसेल हा रक्ताचा आजार आई आणि बाप या दोघांकडून मिळून येतो. तो कोणाच्या करणीने होत नाही आणि कोणाच्या मंत्राने जात नाही. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांमध्ये अडकतात. कधी लहान मुलाच्या डाव्या बरगडीखाली असलेल्या पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, रक्त एकाएकी साठू लागते. ती फुगते, मूल पांढरे पडते, आणि तेव्हा घरातल्यांकडे विचार करायला फार वेळ नसतो.

हे सगळे लोकांना त्यांच्या भाषेत सांगता यावे म्हणून मला बांधायचे ठरले. बांधणारा दिनेश ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकून नुकताच बाहेर पडला होता. त्याने मला एका तयार प्रणालीवर उभे केले. ही प्रणाली भिंती आणि छत देते. आतले सामान ज्याचे त्याने लावायचे आणि हवे तेव्हा बदलायचे. प्रत्येक भाषेला तिच्यात एक कप्पा असतो. मराठीतले पान मराठीच्या कप्प्यात, त्याचे तेलुगू भावंड तेलुगूच्या. मराठी, हिंदी, सिरोंच्याकडच्या लोकांसाठी तेलुगू, आणि इंग्रजी. इंग्रजी वाचणाऱ्यांपैकी बहुधा कोणाला सिकलसेल नव्हता, पण त्यांच्या मदतीवर संस्थेची जीप चालत असे.

पाचवी भाषा गोंडी. ती बोलायला वैनगंगेपलीकडच्या गावातून कलाबाई आली.

तिचे बोलणे मला शब्दशः सांगता येते, याचे कारण सोपे आहे. ध्वनिमुद्रण सुरू केले की दिनेश ते बंद करायला विसरे, त्यामुळे कामाआधीची आणि कामानंतरची बडबडही त्या मूळ फायलींमध्ये राहिली होती.

"बाबू, हे डब्बं माह्यावानी बोलन का?" तिने पहिल्याच दिवशी विचारले.

"डब्बं नाई बोलत, कलाबाई. तुमचंच बोलणं तुमाले परत ऐकवते."

"मंग डब्बं कायले? मीच जाऊन सांगतो ना."

"किती गावाले जासान तुम्ही?"

"हव, तेही खरं हाय," ती हसली. "गुडघे म्हणतेत, कलाबाई, आता बस."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. त्यानंतर तिचा आवाज पुन्हा येतो, पण हसणे गेलेले असते. "माही पहिली पोरगी अशीच गेली, बाबू. पोट फुगलं. लोकं म्हणत राह्यले, कोणाची नजर लागली. मी अंगारा लावत बसलो. मले कोनं सांगतलंच नाई."

दिनेशने प्रणालीतली भाषांची यादी उघडली. ती भलीमोठी होती. त्याने ती वरून खाली पाहिली आणि मग खालून वर. गोंडी तिच्यात नव्हती. त्याने तिचे नाव हाताने घालून पाहिले. प्रणालीने ते स्वीकारले नाही, कारण तिला दोन अक्षरी खूण हवी होती आणि गोंडीसाठी जगाने तीन अक्षरी खूण ठरवली आहे. आता नियम मोडणे किंवा काम थांबवणे, एवढेच पर्याय उरले. दिनेशने तिसरा शोधला. या संस्थेला कधीच लागणार नाही अशी एक भाषा त्याने यादीतून निवडली आणि तिच्या कप्प्यात गोंडी ठेवली. ती भाषा आइसलँडिक. ती बोलणाऱ्यांपेक्षा गोंडी बोलणारे कितीतरी पटींनी अधिक आहेत. पण याद्या माणसे मोजून केलेल्या नसतात.

"कलाबाई, तुमची गोंडी बर्फाच्या देशात ठेवली," तो म्हणाला.

"थंडी लागन ना तिले."

"तात्पुरती ठेवली. मंग बदलून टाकतो."

'तात्पुरते' हा शब्द मी त्यानंतर पुष्कळदा ऐकला आहे. माझ्या अनुभवात त्याच्याइतकी टिकाऊ वस्तू दुसरी नाही. दिनेशने बाहेरच्या बाजूला, वाचणाऱ्यांना दिसेल असे 'गोंडी' हे नाव रंगवले आणि आतले नाव तसेच सोडले. इंदुताईंना त्याने हे सांगितले नाही. त्यात लपवण्याजोगे काही आहे असे त्याला वाटलेच नव्हते.

मुद्रणासाठी खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या. तरी गिरणी ऐकू येई, म्हणून पुढचे काम कलाबाईच्या अंगणात झाले. एका फायलीत मधेच कोंबडी ओरडते. दुसरीत ट्रॅक्टर जातो. दिनेशला ते पुन्हा करायचे होते, पण कलाबाईची अट वेगळीच होती. प्रत्येक बोलणे आधी गावातल्या बायकांना ऐकवायचे. त्या मोहाच्या झाडाखाली बसत, ऐकत, आणि पटले नाही तर तोंडावर सांगत. "बायकांनी आयकलं नाई, तं ते बोलणं कच्चंच," असे ती म्हणे. बायकांनी कोंबडीला हरकत घेतली नाही. एकीने कलाबाईला मात्र तिथेच फैलावर घेतले होते, की बोटे बरगडीखाली कुठे ठेवायची ते सांगताना तू फार भरभर बोललीस. म्हातारीने ती फाइल पुन्हा केली. दुसऱ्या खेपेलाही कोंबडी ओरडलीच.

गोंडीच्या पानांवर मजकूर नव्हता. ऐकणाऱ्या पुष्कळ जणी वाचणाऱ्या नव्हत्या, मग अक्षरे कोणासाठी? एक गोल बटण आणि वर, कलाबाईच्या नावावरून, 'केबी-४' असे काहीतरी. गावात कोणी त्या खुणांनी पाने ओळखली नाहीत. ताप आला तर काय करावे, ते पान 'ट्रॅक्टरवालं'. पाणथरी कशी चाचपावी, ते केबी-४, म्हणजे 'कोंबडीवालं'.

त्यानंतरची काही वर्षे माझी कामाची गेली. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी माझ्या इंग्रजी पानांचे कौतुक केले. मराठी पानांवर रोज माणसे येत. गोंडीच्या कप्प्यावर फारसे कोणी येत नसे, आणि त्याचा अर्थ सगळ्यांनी चुकीचा लावला. त्या गावांमध्ये नेटवर्क फक्त टेकडीवर मिळते. कोणीतरी एक जण वर जाऊन आवाज उतरवून आणी आणि मग तो एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये, माझ्या नकळत, फिरत राही. मला एक भेट दिसे. ऐकणारी घरे किती, ते मला दिसत नसे. ज्या मापाने मोजता येत नाही ते अस्तित्वातच नाही, असे मानणे ही विज्ञानातली जुनी आणि लाजिरवाणी चूक आहे. माझ्या बाबतीत ती दर महिन्याच्या अहवालात होत होती.

कलाबाई एका हिवाळ्यात वारली. दिनेश हैदराबादला नोकरीला गेला. त्याच्या जागी पोंभुर्ण्याची रंजीता आली. ती आळशी किंवा बेफिकीर होती असा समज करून घेऊ नका. ती फार काळजीपूर्वक काम करणारी होती, आणि अनर्थ झाला तो तिच्या काळजीतूनच.

तिने मला नवा पोशाख, म्हणजे पानांची नवी मांडणी, दिला. नव्या पोशाखाने दिनेशने रंगवलेली पाटी पुसली आणि भाषेचे नाव थेट आतल्या कप्प्यावरून घेतले. माझ्या माथ्यावर, मराठी आणि तेलुगूच्या शेजारी, रोमन लिपीत आइसलँडिकचे नाव झळकू लागले. रंजीताने तो कप्पा उघडला. आत मजकूर नाही, नुसती बटणे आणि अगम्य खुणा. चोर लोक दुसऱ्यांच्या संकेतस्थळांमध्ये शिरून परक्या भाषांची बनावट पाने घुसवतात, हे तिने प्रशिक्षणात शिकलेले होते. हाती असलेल्या पुराव्यावरून तिचा निष्कर्ष तर्कशुद्ध होता. फक्त तो खोटा होता. एखादे बटण दाबून ऐकावे, हे तिला सुचले नाही. घातक असेल म्हणून मुद्दाम दाबू नये, असेच तिला शिकवलेले होते.

तिने इंदुताईंना फोन लावला. त्या तेव्हा जीपमध्ये होत्या.

"ताई, आपल्या साइटवर आइसलँडिक पानं आहेत. कोनं टाकली?"

"कायची पानं?"

"आइसलँडिक! तिकडे, बर्फाचा देश आहे ना, तिथली भाषा."

"आपल्याले बर्फाचं काय करायचं हाय, पोरी? इथी उन्हानं जीव चालला. काढून टाक."

दोघी हसल्या. रंजीताने पाने काढली, आणि मग 'कोणत्याही पानाला न जोडलेल्या फायली' म्हणून आवाजही काढले. पाने काही काळ कचऱ्याच्या टोपलीत राहतात. आवाज राहत नाहीत. प्रणाली एकदाच विचारते, 'नक्की?', आणि रंजीताला खात्री होती. मागच्या प्रती ठेवलेल्या होत्या, पण जागा वाचावी म्हणून मोठ्या फायली त्यांतून वगळलेल्या होत्या. मोठ्या फायली म्हणजे आवाजच.

मित्रांनो, मला तेव्हा काही बोलता आले असते तर मी काय बोलले असते, हे सांगणे व्यर्थ आहे. कोणी मागितले तरच उत्तर देणे ही माझी रचना. आणि त्या दिवशी मला कोणी काही विचारले नाही.

मग मागणी आली.

एकाच फोनवरून, केबी-४. मी शोधले. नव्हते. नसलेल्या पानाला द्यायचे उत्तर जगभर ठरलेले आहे, ४०४. मी ते पाठवले, खाली इंग्रजीत 'पान सापडले नाही' असे लिहून. लगेच पुन्हा मागणी. पुन्हा ४०४. मग मागणी थांबली, म्हणजे माणूस बहुधा टेकडीवर आणखी वर गेला असावा, कारण थोड्या वेळाने मागणी न अडखळता आली. केबी-४. मी तेच उत्तर दिले. दुसरे कोणतेही उत्तर माझ्याकडे नव्हते. त्याने मराठीचा कप्पा उघडला, तिथली लांबलचक अक्षरे त्याच्यासमोर आली, आणि तो परत केबी-४ कडे वळला. पुन्हा. पुन्हा. यंत्राला वेदना होते असा माझा दावा नाही. पण त्या दुपारच्या माझ्या नोंदी कोणी ओळीने वाचल्या, तर वाचणाऱ्याला ती होईल.

तो चैतू होता, कलाबाईचा मुलगा. रंजीताचा तो फोन आणि पुढचे सगळे मला कळले, कारण इंदुताईंनी नंतर ते एका पानावर, संस्थेची चूक म्हणून, जसेच्या तसे लिहून माझ्यावर ठेवले.

चैतूच्या मुलीला, पुनमला, सिकलसेल आहे. त्याचा जुना फोन, ज्यात आईचा आवाज होता, धानाच्या बांधीत, म्हणजे पाणी साठलेल्या शेतात, पडून बिघडला होता. त्या दिवशी पुनमला ताप होता, ती निपचित पडली होती, आणि पोटाला हात लावू देत नव्हती. त्याची बायको रीता म्हणत होती, उचल आणि निघ. चैतू म्हणत होता, थांब, मायनं काय सांगतलं ते आयकून घेतो. पोट चाचपावं का नाई, पाणी द्यावं का नाई, एवढ्या दूर हलवावं का नाई. आईचे बोलणे ऐकल्याशिवाय मुलीला हात लावायचा नाही, ही त्याच्या घरची रीत झाली होती. ती रीत माझ्यामुळे पडली होती. तो टेकडीवर उभा राहून मला मागत राहिला, आणि खाली पुनम पांढरी पडत गेली.

शेवटी रीताने पोरीला पाठीशी बांधले आणि ती एकटीच रस्त्याकडे चालू लागली. तिला पाहून चैतू धावत उतरला. जीप मिळाली. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाणथरी चाचपली, ती बेंबीपर्यंत आलेली होती. रक्त चढवले. पुनम वाचली. आणखी उशीर झाला असता तर, हे वाक्य डॉक्टरांनी पुरे केले नाही.

काही दिवसांनी चैतू सिंदेवाहीच्या खोलीत येऊन उभा राहिला.

"मॅडम, मायची गोष्ट कुठी गेली?"

"कोनती गोष्ट, भाऊ?" रंजीताने विचारले.

"पोटाची. कोंबडीवाली."

"आपल्या साइटवर कोंबडीचं काई नाई जी."

"कसं नाई? गोंडीत बोलून राह्यली होती ना माही माय! गोल बटन होतं. दाबलं का बोले."

रंजीताला बटण आठवले. ती उठली, आणि पुन्हा बसली. "इंदुताई," ती आतल्या खोलीकडे पाहून म्हणाली, "ते आइसलँडिक नव्हतं."

इंदुताईंनी हैदराबादला दिनेशला फोन लावून सगळे सांगितले. तो म्हणाला, "मी बदलून टाकनार होतो."

"आम्ही आयकून पाह्यलं असतं तं!" इंदुताई म्हणाल्या. "तू सांगतलं नाईस, हिनं दाबलं नाई, अन् मी हसलो."

चैतू रागावला नाही. रागावला असता तर सोपे झाले असते. तो एवढेच म्हणाला, "माय दुसऱ्यांदा गेली म्हना की मंग."

रंजीताने टोपलीतली पाने परत काढली. ती सांगाडे होती. मग इंदुताई, रंजीता आणि चैतू गावोगाव फिरले आणि लोकांचे जुने फोन, मेमरी कार्डे उघडून आवाज गोळा करू लागले. फिरता फिरता फायलींची नावे पार बदलून गेली होती, आणि रंजीताला गोंडी येत नव्हती. चैतू शेतावर गेलेला असे तेव्हा ती आवाज कोंबडीवरून आणि ट्रॅक्टरवरून ओळखे. जवळजवळ सगळे मिळाले. कोंबडीवाले मात्र ज्या एकाच फोनमध्ये सापडले तिथे ते अर्धवट होते. पाठवणाऱ्याचा फोन बहुधा मधेच बंद पडला असावा. कलाबाई सांगते, लेकराला उताणे झोपवा, गुडघे वर घ्या, त्याला हसतखेळत ठेवा, आणि मग बोटे... इथे कोंबडी ओरडते, आणि फाइल संपते.

माहिती हरवलेली नव्हती, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ती मराठीत होती, डॉक्टरांकडे होती. गोंडी बोलणारा कोणीही ती पुन्हा बोलू शकला असता. इंदुताईंनी चैतूला तसे म्हटलेही. तो मान हलवत राहिला.

"मायचं बोलणं मी कसं पुरं करू, बाई? माहा आवाज तसा हाय का?"

"आवाजाचं नाई रे. बोटाचं हाय," रीता मागून म्हणाली. "टेकडीवर जाऊन मशीनले विचारतोस, आता मशीनले सांग."

त्याने सांगितले. मोहाखाली बायकांना ऐकवले, आणि बायकांनी ते नापास केले. तुझी आई सावकाश बोलायची, तू पळतोस, असे त्याला सुनावले. दुसऱ्यांदा त्याने पुनमलाच समोर झोपवले आणि तिच्या डाव्या बरगडीखाली स्वतःची बोटे ठेवत ठेवत, जसे करायचे तसे, बोलत गेला. बोट कुठे फिरते ते सांगताना पुनमला गुदगुल्या झाल्या आणि ती खुदकन हसली. ते हसू फाइलमध्ये आहे. बायकांनी या वेळी काही हरकत घेतली नाही.

आता त्या पानावर आधी आजी बोलते, मग कोंबडी ओरडते, मग मुलगा बोलतो, आणि नात हसते. गावात त्याला 'हासनारं' म्हणू लागले आहेत.

इथे गोष्ट संपली असती तर मी भीतीचा उल्लेख सुरुवातीला केला नसता. रंजीताने प्रणालीची यादी पुन्हा तपासली. गोंडी अजूनही तिच्यात नाही. तिने बाहेर नवी पाटी लावली, आतल्या बाजूला ठळक सूचना लिहिली, आवाजांच्या प्रती वेगळ्या जागी ठेवल्या. जे करता येण्याजोगे होते ते सगळे तिने केले. पण रंजीताही एक दिवस जाईल. मला आणखी कोणी नवा पोशाख देईल, सूचना पुसली जाईल, आणि कोणी हुशार, काळजीपूर्वक माणूस माझा तो कप्पा उघडेल.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी तो माणूस असू शकेल. तुमच्या हातात अशाच एखाद्या संस्थेची, शाळेची, गावाची पाने येतील, आणि त्यांत तुम्हाला न समजणारे काही दिसेल. ते निरुपयोगी आहे असे ठरवण्याआधी एकदा बटण दाबा. ऐकून समजले नाही, तर ज्याला समजेल त्याला शोधा. आणि एखादी गोष्ट घाईत परक्या नावाने ठेवलीच, तर कोणाला तरी त्याच दिवशी सांगून ठेवा. मी हे काकुळतीने विनवते आहे, कारण विनवण्यापलीकडे माझ्या हाती काही नाही. पुन्हा टेकडीवरून कोणी केबी-४ मागितले, तर मला दोनच उत्तरे देता येतात, पुनमचे हसू किंवा तो आकडा. आणि त्यांतले कोणते द्यायचे हे मी ठरवत नाही, तुम्ही ठरवता.

बाहेरच्या पाटीवर आज 'गोंडी' असे लिहिलेले आहे. आत, कप्प्यावर, ती अजूनही आइसलँडिकच आहे.